शेवट नसलेल्या विषयाला एक संध्याकाळ द्या

इंदूरमधल्या मराठी व्याख्यानमालांच्या सर्व संयोजक मंडळींना,

स. न. वि. वि.

यंदाच्या वक्त्यांची यादी अजून पक्की झालेली नाही असं कळलं, म्हणून घाईने हे पत्र. पुण्या-मुंबईच्या वक्त्यांच्या तारखा एकदा ठरल्या, तिकिटं निघाली, पत्रिका छापायला गेली, की मग कोणी काही ऐकून घेत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मागे एका मंडळाला मी एक विषय सुचवला होता. वैश्विक किरणांमधले प्रतिद्रव्याचे कण मोजून कृष्णद्रव्याचा माग कसा काढतात, हा तो विषय. (वैश्विक किरण म्हणजे अंतराळातून येणारे वेगवान कण, प्रतिद्रव्य म्हणजे नेहमीच्या कणांचे उलट भाराचे जुळे, आणि कृष्णद्रव्य म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं द्रव्य.) मंडळाचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तरी बहुधा हेच उत्तर आलं असतं: "ताई, विषय छान आहे, पण त्याला शेवट नाही. दीड तास बसल्यावर लोक विचारणार, मग सापडलं का? वक्ता म्हणणार, अजून नाही. लोकांनी घरी काय न्यायचं?"

आता मला सांगा, मल्हारराव होळकर पानिपतावरून का निघाले, यावर आपल्या गावात आजवर किती व्याख्यानं झाली असतील? १७६१ पासूनचा वाद आहे. एक वक्ता मल्हाररावांच्या बाजूने पुरावे काढतो, दुसरा भाऊसाहेबांच्या बाजूने, आणि कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी श्रोत्यांचे दोन तट पडतात. या विषयाला शेवट नाही म्हणून तो कुठल्या बैठकीत बाद झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. उलट शेवट नाही म्हणूनच सभागृह भरतं. इतिहासाला ही मुभा आणि विज्ञानाला मात्र नाही, असं का? आपल्याकडे विज्ञानाचं व्याख्यान म्हणजे यशाचं अभिनंदन. यान उतरलं की इस्रोवर भाषण, नोबेल जाहीर झालं की त्यावर भाषण. शोध चालू असताना, पुरावे दोन्ही बाजूंनी ओढत असताना तो कसा दिसतो, हे आपल्या श्रोत्यांना कधी कोणी दाखवतच नाही.

म्हणून ते व्याख्यान कसं होऊ शकेल याचा मासला इथेच देते. वाचा आणि मग ठरवा.

कृष्णद्रव्याची ओळख वक्त्याने दहा मिनिटांत उरकावी. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा या दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड वस्त्यांचे) वेग तपासले. ते इतके जास्त निघाले की, जेवढं द्रव्य दिसतं तेवढ्याच्या गुरुत्वाकर्षणाने तो समूह एकत्र टिकलाच नसता. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी एकेका दीर्घिकेच्या आत तीच गोष्ट दाखवली: कडेचे तारेही मधल्या ताऱ्यांइतक्याच वेगाने फिरतात. आजच्या हिशेबाने विश्वाच्या एकूण जमाखर्चात आपल्या ओळखीचे अणू सुमारे ५ टक्के आणि कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के. उरलेली कृष्णऊर्जा, तिला वेगळी संध्याकाळ लागेल. हे द्रव्य आपलं अस्तित्व फक्त वजनाने जाणवून देतं. ते कशाचं आहे, त्याचा एखादा कण असेल तर तो कसा, ते कोणाला सांगता आलेलं नाही.

शोधायच्या वाटा ढोबळमानाने तीन. एक, प्रचंड ऊर्जेच्या टकरींमधून तो कण प्रयोगशाळेतच निर्माण करून बघायचा. दोन, जमिनीच्या पोटात शांत जागी उपकरण मांडून तो येऊन धडकायची वाट बघायची. आपल्या देशात झारखंडमधल्या जादूगुडा इथल्या युरेनियमच्या खाणीत साडेपाचशे मीटर खोल अशी प्रयोगशाळा आहे. आणि तीन, तो कण आकाशगंगेत दुसऱ्या अशाच कणावर आदळून नष्ट होत असेल तर मागे जे उरेल ते पकडायचं. माझा विषय या तिसऱ्या वाटेचा, आणि तिथे जाण्याआधी प्रतिद्रव्य कसं सापडलं ते सांगावंच लागतं. इथे मात्र वक्त्याने घाई करू नये.

२ ऑगस्ट १९३२. कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन नावाचा सत्तावीसही पूर्ण न झालेला तरुण बाष्पकोठीत वैश्विक किरणांचे फोटो घेत होता. बाष्पकोठी म्हणजे संपृक्त वाफेने भरलेला डबा. विद्युतभारित कण त्यातून गेला की त्याच्या वाटेवर थेंबांची रेघ उमटते. कोठीभोवती जबरदस्त चुंबक, त्यामुळे रेघ वाकते. धन भार एका बाजूला, ऋण भार दुसऱ्या बाजूला. पण इथे एक गोम आहे. ऋण भाराचा कण वरून खाली आला काय आणि धन भाराचा खालून वर गेला काय, फोटोत रेघ अगदी सारखी दिसते. अँडरसनने कोठीच्या मधोमध ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवला. शिशातून जाताना कणाची ऊर्जा कमी होणार, आणि ऊर्जा कमी झाली की चुंबक त्याला जास्त वाकवणार. त्या फोटोत पत्र्याच्या खाली रेघ कमी वाकलेली आहे आणि वर जास्त. म्हणजे कण चक्क खालून वर गेला होता! दिशा कळली की भार ठरला: धन. आणि रेघेची लांबी-जाडी बघता तो प्रोटॉन असणं शक्य नव्हतं, वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या जवळपास होतं. पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून जो निघत होता तो कण, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा प्रतिकण पॉझिट्रॉन, शिशाच्या एका पत्र्याने पकडून दिला. माझ्या नोकरीची सगळी वर्षं कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत गेली. प्रयोगाची मांडणी म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नाही.

(होमी भाभांचं नाव आपल्याकडे फक्त अणुभट्ट्यांच्या संदर्भात निघतं. पण इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित त्यांनी १९३० च्या दशकात केंब्रिजमध्ये मांडलं, आणि त्याला जगभर आजही 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. वक्त्याला वेळ असेल तर हे जरूर सांगावं. टाळ्याही मिळतील.)

आता मूळ युक्ती. कृष्णद्रव्याचे दोन कण एकमेकांना नष्ट करत असतील तर त्यातून साधे कण आणि त्यांचे प्रतिकण सारख्याच संख्येने बाहेर पडायला हवेत. साधे कण शोधण्यात अर्थ नाही. वैश्विक किरणांत प्रोटॉन इतके असतात की त्यांत थोडे वाढले तर पत्ताही लागणार नाही. प्रतिकण मात्र दुर्मिळ. दहा हजार प्रोटॉनांमागे प्रतिप्रोटॉन जेमतेम एक-दोन. तिथे थोडी भर पडली तरी ती डोळ्यात भरते.

पण भर पडली असं म्हणायला मुळात किती असायला हवे होते ते माहीत पाहिजे ना? सगळी गंमत, आणि सगळं भांडणही, इथेच आहे. ताऱ्यांच्या स्फोटांतून वेग घेतलेले प्रोटॉन आकाशगंगेतल्या विरळ वायूवर आदळतात, आणि त्या टकरींतूनही पॉझिट्रॉन आणि प्रतिप्रोटॉन जन्मतात. कृष्णद्रव्य असो वा नसो, हे होतच राहणार. ही नेहमीची आवक आधी वजा करायची, मग जे उरेल त्याचं काय ते बोलायचं. नेहमीच्या आवकेचं गणित सांगतं की ऊर्जा वाढत जाईल तसं इलेक्ट्रॉनांच्या तुलनेत पॉझिट्रॉनांचं प्रमाण घटत जायला हवं.

ते घटत नाही. बलूनमधल्या प्रयोगांनी १९९० च्या दशकातच शंका घेतली होती. २००६ साली सोडलेल्या 'पामेला' या उपकरणाने २००९ मध्ये ती ठसठशीतपणे छापली: १० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे कणांची ऊर्जा मोजायचं माप) पुढे पॉझिट्रॉनांचं प्रमाण चढत जातं. मग १६ मे २०११ रोजी 'एंडेव्हर' यानातून साडेसात टनांचं 'एएमएस' अंतराळ स्थानकाकडे निघालं. त्यामागचा माणूस सॅम्युअल टिंग, १९७६ चा नोबेल-विजेता. या उपकरणात अँडरसनचीच कल्पना मोठी होऊन बसली आहे. मधे चुंबक, कणाची वाट टिपणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या, आणि जोडीला प्रोटॉन व पॉझिट्रॉन वेगळे ओळखणारी यंत्रणा. ती लागतेच, कारण दोघेही धन भाराचे, दोघेही एकाच बाजूला वाकणार, आणि एका पॉझिट्रॉनमागे प्रोटॉन हजारो. त्यातला एखादा जरी पॉझिट्रॉनच्या खात्यात चुकून चढला तरी सगळा हिशेब बिघडला.

एप्रिल २०१३ मध्ये पहिला निकाल आला. दीड वर्षात सुमारे २५ अब्ज कण मोजले, त्यांत पॉझिट्रॉन ४ लाखांहून जास्त. २०१९ पर्यंत ते १९ लाख झाले. तोवर आलेखाचा आकार स्पष्ट झाला होता: २५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास जादा पॉझिट्रॉन दिसू लागतात, चढत जातात, आणि सुमारे २८४ अब्जांच्या पुढे झपाट्याने उतरतात. मधल्या काळात उपकरण थंड ठेवणारे पंप एकेक करून बंद पडत होते. दुरुस्तीची सोयच ठेवली नव्हती, कारण ते अंतराळात कोणी उघडेल असं बांधताना गृहीतच धरलं नव्हतं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून २०२० च्या जानेवारीपर्यंत लुका पार्मितानो आणि अँड्रयू मॉर्गन हे अंतराळवीर चार वेळा स्थानकाबाहेर पडले, नळ्या कापल्या, नवे पंप जोडले. यावरच एक तास सहज जाईल, पण वक्त्याला आवरा.

तो चढ आणि तो उतार. कृष्णद्रव्यवाले म्हणतात, बघा, हे आमच्या गणितात बसतं. दोन कण नष्ट झाले तर त्यातून निघणाऱ्या पॉझिट्रॉनची ऊर्जा एका कणाच्या वस्तुमानाहून जास्त असूच शकत नाही, म्हणून कुठेतरी उतार यायलाच हवा. दुसरी बाजू म्हणते, थांबा. पल्सार आहेत. पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा, भयंकर चुंबकीय शक्तीचा मेलेला तारा. त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या सतत जन्मत असतात. जवळ एखाद-दोन पल्सार असले तरी एवढी भर पडू शकते, आणि त्यांच्याही ऊर्जेला मर्यादा आहेच, म्हणजे उतार तिथूनही मिळतो.

मग जादा पॉझिट्रॉन येतात कुठून ते दिशेवरून बघा की, असं कोणीतरी सभागृहात हमखास विचारील. तिथे वक्त्याने आपल्या रंगपंचमीच्या गेरीचं, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचं, उदाहरण द्यावं. गेर चालू असताना राजवाड्याच्या गर्दीतून जो माणूस धक्के खात बाहेर पडतो, तो ज्या गल्लीतून बाहेर आला त्यावरून तो आत कुठून शिरला होता हे सांगता येत नाही. आकाशगंगेतली चुंबकीय क्षेत्रं पॉझिट्रॉनची हीच गत करतात. आपल्यापर्यंत येईतो त्याने इतकी वळणं घेतलेली असतात की दिशा पुसली गेलेली असते. एएमएसला पॉझिट्रॉन सगळीकडून सारखेच येताना दिसतात.

दिशा नाही, पण अंतराचा अंदाज मात्र लागतो, आणि तो कसा, हे सांगायला इंदूरसारखं गाव नाही. राजेंद्रनगरातून कॅट रोडने पुढे गेलं की राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, म्हणजे आपलं 'कॅट'. तिथल्या इंडस-२ या १७२.५ मीटर परिघाच्या वर्तुळात अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतात. चुंबकाने वळवलेला इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतो, क्ष-किरण टाकतो. संशोधकांना हवा असतो तो हाच प्रकाश. पण इलेक्ट्रॉनला तो फुकट पडत नाही. दर फेरीला सुमारे ६ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट जातात. तेवढी ऊर्जा रेडिओ लहरींनी दर फेरीला भरून काढावी लागते, नाहीतर इलेक्ट्रॉन डोळ्याचं पातं लवायच्या आत मार्ग सोडून नळीच्या भिंतीला लागेल.

पॉझिट्रॉनला हाच नियम आकाशगंगेत लागू होतो. तिथली चुंबकीय क्षेत्रं अतिशय क्षीण, पण त्याच्याकडे वेळ लाखो वर्षांचा, आणि झालेली तूट भरून द्यायला कोणी बसलेलं नाही. शिवाय ताऱ्यांच्या आणि विश्वाच्या आद्य प्रकाशाशी होणाऱ्या टकरींतही ऊर्जा जाते. जितकी ऊर्जा जास्त तितकी गळतीही जलद. एक हजार अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा पॉझिट्रॉन ढोबळमानाने तीनेक लाख वर्षांत बराचसा थकतो, आणि तेवढ्या काळात वेडीवाकडी वाट चालत तो काही हजार प्रकाशवर्षांपलीकडून येऊच शकत नाही. म्हणजे एएमएसला दिसणारे अतिऊर्जावान पॉझिट्रॉन शेजारपाजारचेच आहेत. इंडस-२ च्या इलेक्ट्रॉनांच्या दहापट ऊर्जेपाशी चढ सुरू होतो, शंभरपटीच्या पुढे उतार लागतो. कॅटच्या फाटकासमोरून रोज स्कूटर नेणाऱ्या आमच्या कॉलनीतल्या लोकांना हे कोणीच कधी सांगितलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शेजारपाजार म्हटल्यावर संशय गेला जेमिंगावर. हा पल्सार सुमारे ८०० प्रकाशवर्षांवर आहे, आणि वय साधारण साडेतीन लाख वर्षं. अगदी सोयीचं अंतर, सोयीचं वय. २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या डोंगरावरच्या 'हॉक' या वेधशाळेने जेमिंगाभोवती गॅमा किरणांचं वलय बघितलं. असे किरण वेगवान इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन प्रकाशावर आदळले की निघतात, म्हणजे पल्सार पॉझिट्रॉन खरोखर बाहेर टाकतो आहे. पल्सारवाले जिंकले? नाही. त्या वलयाच्या आकारावरून असं निघालं की कण तिथून फारच रेंगाळत बाहेर पडतात, इतके की पृथ्वीपर्यंत पुरेसे पोचणारच नाहीत. मग दुसऱ्या गटाने दाखवलं की पल्सारच्या जवळ कण रेंगाळले तरी पुढच्या मोकळ्या वाटेत ते नेहमीच्या गतीने पसरत असतील तर हिशेब पुन्हा जुळतो. पुरावा एकच, वकील दोन.

कृष्णद्रव्याच्या बाजूचीही अडचण सांगितली पाहिजे. एवढे पॉझिट्रॉन हवे असतील तर कृष्णद्रव्याचे कण अपेक्षेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त नष्ट व्हावे लागतात. तसं होत असेल तर सोबत गॅमा किरणही निघायला हवेत. आकाशगंगेभोवतीच्या बटू दीर्घिका कृष्णद्रव्याने भरलेल्या आहेत, पण फर्मी दुर्बिणीला त्यांत तसे किरण सापडले नाहीत. विश्वाच्या आद्य प्रकाशाचा प्लांक उपग्रहाने काढलेला नकाशाही असल्या जोरदार विनाशाला फारशी जागा ठेवत नाही. प्रतिप्रोटॉनांची गोष्ट मधेच लोंबकळते आहे. पल्सार प्रतिप्रोटॉन बनवत नाहीत, त्यामुळे तिथे जादा दिसले असते तर पल्सारवाल्यांची पंचाईत झाली असती. एएमएसला २०१६ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास प्रतिप्रोटॉन मिळाले. त्यांचं प्रोटॉनांशी प्रमाण मोठ्या पल्ल्यात जवळपास सपाट राहतं, आणि ते अपेक्षेहून थोडं जास्त आहे की नाही, हे प्रोटॉन वायूवर आदळल्यावर नेमके किती प्रतिप्रोटॉन जन्मतात यावर अवलंबून आहे. तो आकडाच पुरेसा पक्का नव्हता! म्हणून सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत हेलियम वायूवर प्रोटॉन आदळवून तो मोजला गेला, आणि २०१८ साली निकाल छापून आला.

माझं मत विचाराल तर पॉझिट्रॉनांच्या बाबतीत मी पल्सारच्या बाजूला आहे. ओळखीचं कारण पुरत असताना अनोळखी कारणाला बोलावू नये. पण वक्ता दुसऱ्या बाजूचा आणलात तर मी पुढच्या रांगेत बसेन.

खरी आशा मला दिसते ती आणखी दुर्मिळ प्रतिकणांत. प्रतिप्रोटॉन आणि प्रतिन्यूट्रॉन एकत्र आले की प्रतिड्यूटेरॉन. नेहमीच्या टकरीतून तो जन्मायचा तर आदळणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा त्याच्या स्वतःच्या वस्तुमानाच्या सतरापट तरी लागते, आणि मग जन्मलेला कण त्याच झपाट्यात पुढे फेकला जातो. संथ प्रतिड्यूटेरॉन नेहमीच्या टकरींतून जवळजवळ निघतच नाहीत. कृष्णद्रव्याचे कण मात्र संथपणे भेटतात, त्यांच्या विनाशातून संथ प्रतिड्यूटेरॉन निघू शकतात. म्हणजे इथे वजा करायला जवळपास काहीच नाही. एखाद-दोन पक्के सापडले तरी पुरे. अंटार्क्टिकावरून बलूनने उडवायचा 'गॅप्स' हा प्रयोग याच कणांसाठी बांधलेला आहे. प्रतिहेलियमचे काही उमेदवार दिसल्याचं टिंग यांनी भाषणांतून सांगितलं आहे. मात्र पुरेशी खात्री नाही तोवर ते छापायचं नाही, एवढा संयम त्या गटाने ठेवला आहे. कोट्यवधी हेलियममधून असा एखादा निवडताना उपकरणच फसलं नाही ना, हे आधी बघावं लागतं.

आणि इथेही इंदूर आहे. प्रतिहेलियम आकाशगंगेच्या मध्याकडून निघाला तर वाटेतल्या वायूत किती खपतो आणि किती पोचतो, हे 'अ‍ॅलिस' या सर्नमधल्या प्रयोगाने मोजून काढलं. २०२२ च्या डिसेंबरात निकाल छापून आला. कृष्णद्रव्यातून जन्मलेले सुमारे निम्मे पोचतील असं निघालं. सिमरोलची आपली आयआयटी या अ‍ॅलिसच्या जागतिक गटात आहे. आणि कणांच्या टकरी घडवणाऱ्या ज्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्रावर हा प्रयोग चालतो, त्याची अवजड चुंबकं अचूक जागी पेलून धरणारे हजारो जॅक भारताने पुरवले, त्याची जबाबदारी कॅटकडे होती. मग वक्ता पुण्याहून कशाला आणायचा?

आता मागण्या. एक अख्खी संध्याकाळ, जोडविषय नको. शीर्षकात 'गूढ' नको, 'देवाचा कण' नको, 'आपल्या ऋषींना हे ठाऊक होतं' तर मुळीच नको. उज्जैनच्या वेधशाळेत उन्हात उभं राहून सावली मोजणाऱ्यांचा मान त्याने वाढत नाही. प्रास्ताविक, परिचय आणि सत्कार मिळून दहा मिनिटं. प्रश्नोत्तरांना अर्धा तास, आणि तो आभारप्रदर्शनात खाऊ नका. आमच्याकडे आभार मानणारा मुख्य वक्त्यापेक्षा जास्त बोलतो, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सभागृहाबाहेर बाष्पकोठी मी मांडते. माशांची काचेची टाकी उलटी, आत वरच्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेलं जाड कापड, खाली काळा पत्रा आणि पत्र्याखाली ड्राय आइस. बाजूने टॉर्चचा झोत. दहा-पंधरा मिनिटं काहीच होत नाही, मुलं कंटाळून शेव-चिवड्याकडे वळतात, आणि मग अचानक पत्र्यालगत पांढरी बारीक सुतं उमटायला लागतात. सरळ, लांब सूत हे बहुधा म्युऑनचं. वातावरणाच्या माथ्यावर कुठलासा प्रोटॉन येऊन आदळला, त्याचा तो वंशज. आखूड आणि जाड असेल तर हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचं. वाकडंतिकडं भरकटलेलं असेल तर दमलेल्या इलेक्ट्रॉनचं. सुतं दोन-तीन सेकंदांत विरतात, पण नवी येतच राहतात. एकदा का हे बघितलं की सातवीतला पोरगाही वक्त्याला 'पॉझिट्रॉन यात कसा ओळखायचा?' असं विचारतो, आणि शिशाच्या पत्र्याची गोष्ट तिथे सांगावी लागते.

ड्राय आइसचा खर्च माझा. तो कार्यक्रमाच्या दिवशीच आणावा लागतो, ठेवून टिकत नाही, म्हणून वेळ मागेपुढे करू नका. टाकीजवळचा पंखा बंद हवा आणि त्या कोपऱ्यातले दिवे घालवता आले पाहिजेत. विजेच्या माणसाला आधी सांगून ठेवा. आयआयटीतले संशोधक विद्यार्थी बोलायला आले तर त्यांना सिमरोलहून आणायची आणि परत सोडायची गाडी मात्र मंडळाने करावी, रात्री नऊनंतर तिकडे जायला रिक्षावाले तोंड वाकडं करतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
राजेंद्रनगरची एक निवृत्त प्राध्यापिका आणि तुमची नेहमीची श्रोती